हौसाक्काची पुढची गाडी

शुक्र ग्रहावर गार सावलीत सतरंजी अंथरून चार मुलांना डबा खायला बसवणारा मराठीतला पहिला लेखक मी आहे. शेवटचाही मीच असेन अशी आशा आहे. तिथली हवा भट्टीपेक्षा गरम असते हे मला भाग दाखवून झाल्यावर कळलं, आणि ते कळवणाऱ्यांत वयानं सगळ्यात मोठा माणूस पाचवीत होता.

‘आभाळगाडी’ नावाची ती मुलांची मालिका मी लिहीत होतो. मी शाळेत इतिहास शिकवतो. किल्ल्यांवरच्या दोन नाटिका स्नेहसंमेलनात बऱ्या झाल्या, एवढ्या भांडवलावर दिग्दर्शक बापू चौगुलेंनी मला बोलावलं. ‘‘किल्ला आणि यान यात फरक काय?’’ बापू म्हणाले. ‘‘दारं बंद झाल्याशिवाय दोन्हीकडं गोष्ट सुरू होत नाही.’’ मला ते पटलं. त्या काळात मला काहीही पटायचं.

आमचं यान उद्यमनगरातल्या एका बंद फाउंड्रीच्या शेडमध्ये उभं होतं. बाहेरून पत्रा, त्यावर चंदेरी रंग. आत जुन्या लेथ मशीनची बटणं, आणि कप्तानाची खुर्ची एका सलूनमधून आणलेली. कप्तान नववीतला होता आणि संकट आलं की खुर्ची मागं कलायची. या यानातून चार मुलं आकाशभर हिंडत आणि यानाचा संगणक त्यांना वाट दाखवी. मला सांगायचं आहे ते त्या संगणकाच्या आवाजाबद्दल. म्हणजे हौसाक्काबद्दल.

माझ्या संहितेत संगणकाचं नाव ‘सिग्मा’ होतं आणि पुढं लिहिलं होतं : आवाज धातूसारखा थंड, भावनाशून्य. त्यासाठी कॉलेजातल्या मुली येऊन तोंडावर स्टीलचा पेला धरल्यासारख्या बोलून गेल्या. बापू कंटाळले. तेव्हा आमचा ध्वनिमुद्रक अस्लम म्हणाला, ‘‘आमच्या गल्लीत एक अक्का हाय. जन्मभर स्टँडवर माईकवर होती, आता रिटायर झालीय. तिनं सांगितल्याशिवाय कोल्हापुरातनं गाडी हलत नव्हती.’’

दुसऱ्या दिवशी हौसाक्का आल्या. उंच, हाडकुळ्या, साडीवर पुरुषी स्वेटर, खांद्याला पर्स, गालात ज्येष्ठमधाचा तुकडा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘‘माईक कुठं हाय?’’ म्हणाल्या. माईकसमोर बसल्या, दोन बोटं गळ्याला लावली, डाव्या कानावर तळवा ठेवला आणि समोरचा कागद वाचला. कागदावर होतं : ‘इंधनगळती. थोडाच वेळ शिल्लक.’ आम्हाला ऐकू आलं ते असं :

‘‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आभाळगाडीच्या इंधनाला गळती लागलेली आहे. थोडाच वेळ शिल्लक आहे. प्रवाशांनी आपापले सामान सांभाळावे.’’ आणि एका श्वासाचा विराम घेऊन तेच पुन्हा.

दुसऱ्यांदा ऐकताना आमच्या लाइटवाल्यानं जमिनीवरची आपली पिशवी उचलून काखेत धरली. बापूंनी ते पाहिलं. ‘‘ह्याच,’’ ते म्हणाले.

मी म्हणालो, ‘‘पण सिग्मा असं बोलणार नाही.’’

‘‘कोण सिग्मा?’’ हौसाक्का मला आपादमस्तक बघत म्हणाल्या. ‘‘मी हौसा.’’

त्या दिवसापासून संगणकाचं नाव ‘अक्का’ झालं आणि माझं ‘लेखकराव’. तो ‘राव’ आदराचा नव्हता.

हौसाक्कांचे दोन आवाज होते. माईकवर त्या अशा बोलत की शुद्धलेखनाच्या परीक्षकानं पेन खाली ठेवावं. माईक बंद झाला की आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं सगळं पुल्लिंगी : ‘मी येतो’, ‘मी सांगतो की’, ‘मी काल गेलतो’. एकाच चेहऱ्यातून दोन माणसं बोलतात असं वाटे, आणि त्यातलं दुसरं माणूस मला घाबरवत असे.

प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची त्यांची सवय मात्र दोन्ही आवाजांना होती. चहात साखर कमी असली तरी दोनदा. मी एकदा म्हणालो, ‘‘अक्का, मालिकेत वेळ मोजून मिळतो. एकदाच सांगूया की.’’

‘‘लेखकराव, पहिल्यांदा सांगितलं की माणसाला एवढंच कळतंय, काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते दुसऱ्यांदा कळतंय. तुम्ही वर्गात एकदाच सांगता काय?’’

‘‘हो.’’

‘‘मग पोरं नापास होत्यात ती उगंच न्हाय.’’

बाईंना स्वतःच्या आवाजाचा गर्व होता आणि तो त्या लपवत नसत. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसलेलं चालत नसे. जवळ कुणी चुरमुरे खाल्ले तर काम थांबे. माईकवर फुंकर मारून ‘हॅलो हॅलो’ करणाऱ्याशी त्या दिवसभर बोलत नसत. चारही बालकलाकार त्यांना वचकून असत, कारण रागावणंसुद्धा माईकवरूनच चाले. शॉट ऐन रंगात असताना छताच्या भोंग्यातून आवाज येई : ‘‘निळा शर्ट घातलेल्या प्रवाशाने नाक पुसावे.’’ विराम. ‘‘निळा शर्ट घातलेल्या प्रवाशाने नाक पुसावे.’’ निळा शर्ट म्हणजे आमचा कप्तान. आणि हे सगळ्या शेडला ऐकू जाई.

एकदा शूटिंग अडलं होतं तेव्हा त्यांनी आपल्या स्टँडवरच्या खोलीची गोष्ट सांगितली. त्या खोलीला खिडकी नव्हती. जन्मभर गाड्या सांगितल्या, पण लागलेली गाडी त्यांनी कामावर असताना कधी डोळ्यांनी पाहिली नाही.

‘‘मग गाडी फलाटावर लागली हे कळायचं कसं? फोन यायचा?’’ अस्लमनं विचारलं.

‘‘फोन नंतर यायचा. आधी लोकांचा आवाज बदलतोय. गाडी न्हाय तवर माणसं नुसती बोलत असत्यात. गाडी दिसली की सगळ्यांचा मिळून एक आवाज निघतोय. भिंतीतनं कळतोय त्यो.’’

आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत. त्या कामाबद्दल बोलताना हसत नसत.

मग माझा शुक्र आला. चार मुलं यानातून उतरतात, सतरंजी टाकतात, थालीपीठ खातात, आणि अक्का घोषणा करतात : ‘‘बाहेरील हवामान आल्हाददायक आहे.’’ भाग दिसला आणि चॅनेलकडं मुलांच्या आवाजातले निरोप येऊन पडले. एकानं विचारलं होतं की ती मुलं आता मेली आहेत का. अस्लमनं ते निरोप शेडमध्ये सगळ्यांना ऐकवले. मी ते विनोद म्हणून घ्यायचं ठरवलं होतं, तेवढ्यात हौसाक्का उठून माझ्यासमोर आल्या.

‘‘माझ्या तोंडनं खोटं वदवलंसा.’’

‘‘अक्का, गोष्ट आहे ती.’’

‘‘गोष्ट तुमची. आवाज माझा हाय. माझ्या आवाजावर माणसं सामान उचलत्यात, लेखकराव. फलाट चुकीचा सांगितला तर म्हातारी माणसं पळत्यात तिकडं.’’ आणि पुन्हा, सावकाश : ‘‘माझ्या आवाजावर माणसं सामान उचलत्यात.’’

दुरुस्ती जाहीर झाल्याशिवाय पुढचा भाग वाचणार नाही म्हणून त्या अडून बसल्या. त्यामुळं पुढच्या भागाच्या सुरुवातीला, पडद्यावर युद्ध चालू असताना, यानानं सांगितलं : ‘‘मागील घोषणेत दुरुस्ती. शुक्रावर डबा खाऊ नये.’’ दोनदा. आणि काय सांगावं, मुलांना तेच सगळ्यात आवडलं. मग माझी प्रत्येक चूक दुरुस्तीच्या घोषणेत निघू लागली आणि माझ्या चुकांचा तुटवडा कधीच पडला नाही. शाळेच्या मैदानावर मला बघून पोरं ओरडत, ‘‘सर, दुरुस्ती!’’

मुलांचे निरोप ऐकणं हा हौसाक्कांचा नेम झाला. दुपारच्या चहाला अस्लम फोन टेबलावर ठेवी आणि त्या कानावर तळवा ठेवून ऐकत. वारणानगरच्या कारखान्याच्या कॉलनीतून एका वडलांनी कळवलं होतं की त्यांची मुलगी रोज मालिका सुरू व्हायच्या आधी दप्तर भरते, पाण्याची बाटली गळ्यात अडकवते आणि चप्पल घालून टीव्हीसमोर बसते, कारण अक्कानं सामान तयार ठेवायला सांगितलंय. आम्हाला गंमत वाटली. हौसाक्कांनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. ‘‘चप्पल घालून बसती?’’ एवढंच म्हणाल्या.

आता महापुराची, अक्का नोकरीत असतानाची, गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी पाहिलेली नाही, अस्लमनं पाहिली. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं, एकेक मार्ग बंद होत गेला, तेव्हा अस्लम जयसिंगपूरला सासुरवाडीला जायला निघून स्टँडवर अडकला होता. गाडी रद्द, ही रद्द, ती रद्द. पण हौसाक्कांचा एक नियम होता : गाडी रद्द सांगायची तर पुढची गाडी सांगितल्याशिवाय माईक सोडायचा नाही. रद्द ऐकून माणूस उभा राहतो, त्याला कुठं बघायचं ते सांगायला नको? त्या दिवशी पुढची गाडीच नव्हती. मग त्या काय म्हणाल्या, ते अस्लम त्यांची नक्कल करून सांगे : ‘‘पुढील गाडी अद्याप ठरलेली नाही. ठरल्यावर मी सांगणार आहे. तोपर्यंत मी इथेच आहे.’’ ड्यूटी संपली तरी त्या उठल्या नाहीत. दर थोड्या वेळानं तेच सांगत राहिल्या. ‘‘खरं सांगू का, त्यात नवीन काहीच नव्हतं,’’ अस्लम म्हणे. ‘‘पण आवाज आला की बायका पोरांना थोपटायला लागायच्या.’’

या नियमावरच सगळं येऊन अडलं.

आभाळगाडी बंद करायचं चॅनेलनं ठरवलं. कारण त्यांनी सांगितलं, ते मला समजलं नाही, बापूंना मात्र समजलं. शेवटचा भाग शूट झाला. मुलं आपापल्या घरी पोचतात आणि रिकामं यान स्वतःला बंद करून घेतं. शेवटचे शब्द अक्कांचे. ते मी लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले, आणि अखेर एवढे सुंदर लिहिले की ते पडद्यावरच्या चित्रापेक्षा लांब झाले. चित्र संपून काळोख झाला तरी अक्कांचं बोलणं चालूच. चॅनेलच्या पल्लवी मॅडमनी मुंबईहून फोन केला : आजच संध्याकाळी भाग दाखवायचाय, शेवटची घोषणा नव्यानं करा, छोटी करा, चारच्या आत पाठवा. आणि एक गोष्ट. पुढच्या भागाचं, पुढच्या वर्षाचं, कसलंही आश्वासन नको. मागं एक मालिका ‘लवकरच भेटू’ म्हणून संपवली तर मुलांनी वर्षभर फोन करून जीव खाल्ला होता.

म्हणजे माझ्या सौंदर्यदृष्टीमुळं शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही शेडमधल्या आवाज मुद्रित करायच्या काचेच्या खोलीत घामाघूम होऊन उभे होतो. बाहेर शेडच्या मालकाची माणसं यान उचकटायला लागली होती. जागा रिकामी करायची होती. हातोड्याचा घाव पडला की अस्लम हेडफोन काढून बाहेर धावे, ‘‘अहो पावणं, जरा दम धरा की,’’ म्हणे, आणि परत येईपर्यंत दुसरीकडं पत्रा कुरकुरे.

हौसाक्का माईकसमोर बसल्या. बोटं गळ्याला, तळवा कानाला.

‘‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आभाळगाडीचा प्रवास आज इथे समाप्त होत आहे. ही गाडी यापुढे धावणार नाही.’’ विराम. तेच पुन्हा, दोनदा सांगायचं म्हणून. आणि मग त्या तशाच बसून राहिल्या. माईकचा लाल दिवा चालू.

‘‘झालं अक्का,’’ अस्लम काचेतून म्हणाला. ‘‘बरोबर बसलंय, वर चित्र थोडं उरलंय पण. बंद करतो.’’

‘‘हात लावू नको.’’ माझ्याकडं वळल्या. ‘‘लेखकराव, पुढची?’’

‘‘पुढची काय?’’

‘‘गाडी.’’

‘‘नाही अक्का पुढची. मालिकाच संपली.’’

‘‘ते मला कळालंय. पोरांना काय सांगू? पुढची गाडी सांगितल्याबिगर मी माईक सोडत न्हाय.’’

बापू आत आले. समजावलं. मग विनवलं. मग जरा आवाज चढवला. ‘‘अक्का, चार वाजता फाइल गेली नाही तर ते जुना आवाज लावतील, निम्म्यात तुटलेला. तेवढी लाज राखा माझी.’’

‘‘बापू, ती वारणानगरची पोरगी आता दप्तर भरत असंल. चप्पल घालून बसणार. तिला मी सांगू, गाडी न्हाय, ऊठ? आणि उठून कुठं जाईल ती?’’ हौसाक्कांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ‘‘मी आजवर कुणालाबी मोकळ्या फलाटावर उभं करून गेलो न्हाय.’’

बाहेर हातोडा पडला. अस्लम यावेळी धावला नाही. घड्याळाकडं कुणीच बघत नव्हतं आणि सगळ्यांना वाजले किती ते माहीत होतं.

मला वाटलं, आता आपली बुद्धी चालवायची वेळ आली. ही माझ्या आयुष्यातली धोक्याची वेळ असते. मी म्हणालो, ‘‘पुरातलं वाक्य घ्या. ‘पुढील गाडी अद्याप ठरलेली नाही, ठरल्यावर सांगण्यात येईल.’ ’’ लगेच बापूंच्या फोनवरून पल्लवी मॅडमना लावून स्पीकर चालू केला.

‘‘नो, नो. हे आश्वासनच झालं,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘त्या बाई बरोबर बोलालत्या,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘ठरल्यावर सांगणार कोण? पुरात मी तिथंच बसलतो. उद्या मी इथं न्हाय, ही खोली न्हाय. मग खोटंच की ते.’’

मुंबई आणि हौसाक्का यांचं एकमत झालेलं मी त्याच दिवशी पाहिलं, आणि ते माझ्या विरुद्ध होतं.

अक्का बोलता बोलता उठून माईकशेजारी उभ्या राहिल्या होत्या; त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर बापू बसले. कुणाची खुर्ची आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, अक्कांनीही काही म्हटलं नाही. त्यावरून मला प्रसंग किती वाईट आहे ते कळलं.

अखेर अक्काच म्हणाल्या, ‘‘लेखकराव, ही गाडी आभाळातली हाय नव्हं? मग आभाळातनं दुसरं काय जातंय का न्हाय? स्टँडवर आपली गाडी नसली तर दुसऱ्या डेपोची सांगायचो आम्ही. पोरांना आज संध्याकाळी दिसंल असं सांगा काहीतरी. खरं पाहिजे.’’

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि ती बोलायला जीभ रेटेना. आदल्या संध्याकाळी बायकोनं वाळलेले कपडे आणायला मला गच्चीवर पाठवलं होतं. पश्चिमेला एक झगझगीत दिवा दिसत होता. उजळाईवाडीला उतरणारं विमान असेल म्हणून मी कपडे खांद्यावर टाकून बघत उभा राहिलो. विमान जागचं हलेना. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की हे विमान नव्हे.

‘‘शुक्र,’’ मी पुटपुटलो.

अस्लमनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

‘‘पुन्हा शुक्र?’’ बापू म्हणाले.

मी फोनवर शोधलं, आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, हो, सध्या सूर्य मावळल्यावर पश्चिमेला ठळक दिसतो. मॅडम अजून फोनवर होत्याच. ‘‘म्हणजे ही पुढच्या सीझनची हिंट नाही ना?’’

‘‘नाही मॅडम. हा ग्रह आहे.’’

‘‘आपल्याकडे राइट्स आहेत त्याचे?’’

‘‘ग्रहाचे राइट्स कुणाकडेच नसतात, मॅडम.’’

‘‘मग चालेल. पण लवकर.’’

राहिल्या हौसाक्का. त्या माझ्याकडं बघत होत्या, चुकीचा फलाट सांगणाऱ्याकडं बघावं तसं.

‘‘पोरं गच्चीवर जातील. माझ्या आवाजावर.’’

‘‘हो.’’

‘‘दिसंल?’’

‘‘दिसेल.’’

‘‘दुसऱ्यांदा सांगा.’’

वर्गात मी हजारदा बेधडक सांगितलं असेल, पण तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगायचं म्हणजे काय असतं ते मला त्या क्षणी कळलं. पहिल्यांदा सांगताना माणूस नुसता बोलतो. दुसऱ्यांदा त्याला ऐकावंही लागतं.

‘‘दिसेल, अक्का.’’

त्या माईककडं वळल्या, बापूंनी खुर्ची सोडली. अस्लम बाहेर गेला आणि काय बोलला कोण जाणे, हातोडे थांबले. हौसाक्कांनी पाण्याचा घोट घेतला, बोटं गळ्याला लावली, तळवा कानाला, आणि कागदाशिवाय बोलल्या :

‘‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आभाळगाडीचा प्रवास आज इथे समाप्त होत आहे. ही गाडी यापुढे धावणार नाही. शुक्र पश्चिमेच्या फलाटावर लागलेला आहे. प्रवाशांनी घरातील मोठ्या माणसांसह गच्चीवर किंवा अंगणात यावे. शुक्र रात्रीच्या जेवणाआधी सुटेल.’’

विराम. मग तेच पुन्हा, शब्दाला शब्द. फक्त दुसऱ्या वेळी शेवटी त्यांनी एक वाक्य जोडलं, जे कुणी सुचवलं नव्हतं : ‘‘सामान घेण्याची आवश्यकता नाही.’’

मग स्वतःच्या हातानं माईक बंद केला.

फाइल वेळेत गेली. संध्याकाळी शेडमध्येच सगळे जमलो. चार बालकलाकार, त्यांचे आईबाप, उद्यमनगरच्या गल्लीतली पोरं, यान उचकटणारी माणसंही. अर्धं यान उभं होतं, अर्धं भिंतीला टेकवलेलं. त्याच्या पुढ्यात टीव्ही मांडला. हौसाक्का मागं दाराशी स्टूल घेऊन बसल्या. मी भाग बघत नव्हतो. मी दारातून बाहेर बघत होतो, कारण दुपारनंतर पश्चिमेला ढगांचा एक पट्टा येऊन बसला होता. त्या महिन्यात ढगांचं काही काम नसतं. तो माझ्यासाठीच आला होता.

शेवटची घोषणा झाली. पडदा काळा झाला. लगेच साबणाची जाहिरात लागली. कुणी हललं नाही. आमचा कप्तान, आता निळा शर्टही नाही आणि यानही नाही असा, नाक पुसत उठला आणि बाहेर गेला. मग सगळेच गेले.

शेडच्या मागं पटांगण, पलीकडं पश्चिम. सूर्य बुडालेला, आणि जिथं बोट दाखवायचं तिथं राखाडी ढग. पोरं बघत राहिली. मग एकेक मान माझ्याकडं वळायला लागली. गल्लीतल्या एका पोरीनं विचारलं, ‘‘सर, दुरुस्ती का?’’

वारणानगरच्या अंगणात आत्ता काय चाललं असेल, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला. माईक नाही, भोंगा नाही, तरी सगळं पटांगण गप्प झालं.

‘‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. शुक्र थोड्या उशिराने धावत आहे.’’ विराम. ‘‘शुक्र थोड्या उशिराने धावत आहे.’’

पोरं हसली. ज्या आया रडत होत्या त्याही हसल्या. मी वळून बघितलं. हौसाक्का आमच्यामागं शेडच्या भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. आभाळाकडं त्यांची पाठ. डाव्या कानावर तळवा.

‘‘अक्का, इकडं बघा की, दिसला तर तुम्हालाही दिसेल,’’ मी म्हणालो.

‘‘तुम्ही बघा. मला ऐकू दे.’’

आम्ही उभे राहिलो. पोरं आधी माझ्या शुक्रावर बोलत होती, मग थालीपिठावर, मग उद्याच्या शाळेवर. ढगाची कड जरा पातळ झाली, पुन्हा दाटली. अंधार वाढत चालला. मी डोळे ताणून बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. पापणी लवली की चुकेल अशी भीती वाटत होती.

आणि पटांगणातल्या सगळ्या पोरांच्या गळ्यातून एकदम, न ठरवता, एकच आवाज निघाला.

भिंतीकडं तोंड केलेल्या हौसाक्कांनी कानावरचा तळवा काढला, स्वेटर सारखा केला आणि पर्स खांद्याला लावली.

‘‘लागली,’’ म्हणाल्या. एकदाच.